एका गोष्टीचे यथाविधी दफन

रविवार, ६ डिसेंबर १९५९. जेरुसलेम.

शुक्रवारच्या साहित्य-पुरवणीत डॉ. त्सामेरेत यांनी आमच्या झेलिग रुदाव्स्कीविषयी जो दीड स्तंभ मजकूर लिहिला आहे, तो चुकीचा आहे. चूक एकाच ठिकाणी असती, तर संपादकांना एक कार्ड पाठवून मी स्वस्थ बसलो असतो. येथे मात्र बरोबर काय आहे तेच शोधावे लागते.

डॉक्टर म्हणतात, कथाकार रुदाव्स्की ओडेसात जन्मला. ओडेसात तो केवळ बोट चुकवण्यासाठी गेला होता. जन्म झाब्लुद्का या गावचा, जेथे चिखल आणि एक पिठाची गिरणी याखेरीज काही नव्हते. डॉक्टर म्हणतात, याफाच्या धक्क्यावर तो हातात हस्तलिखित घेऊन उतरला. हातात आईने दिलेली उशी होती, आणि तीही उतरताना समुद्रात पडली. डॉक्टर म्हणतात, तो रात्र-रात्र तंद्रीत लिहितो. झेलिग सकाळी न्याहारीनंतर लिहितो आणि लिहिलेले स्वयंपाकघरात बहिणीला वाचून दाखवतो. हिंदा त्या वेळी बटाटे सोलत असते. सोलणे थांबले, तर गोष्ट जमली; चालूच राहिले, तर झेलिग कागद फाडतो. नऊ पानांपलीकडे त्याची एकही गोष्ट जात नाही, याचे कारण समीक्षकांनी रशियन परंपरेत शोधले आहे. खरे कारण असे, की दोन माणसांना त्याहून अधिक बटाटे लागत नाहीत.

सर्वांत गंभीर चूक शेवटी आहे: “ही निर्मळ हिब्रू त्यांना आईच्या दुधातून लाभली.” आईच्या दुधातून त्याला यिद्दिश लाभली. हिब्रू त्याला माझ्या लाल पेन्सिलीतून लाभली.

हे मी कॅफेत झेलिगला सांगितले. तो म्हणाला, “मग कळव ना डॉक्टरला, की माझी आई तू आहेस.”

मी हसलो नाही. विधान मुळातच असमर्थनीय होते.

गुरुवार, १० डिसेंबर

येत्या शेवात महिन्याच्या पौर्णिमेला झेलिग सत्तर वर्षांचा होतो. त्या दिवशी त्याच्या निवडक कथांचा ग्रंथ निघावयाचा आहे. शेवटची, नवी गोष्ट तेवढी राहिली होती. ती आज माझ्या हाती आली. नाव ‘मासळीबाजारातला मास्तर’. मजकूर १७ जानेवारीपूर्वी छापखान्यात पोचला नाही, तर ग्रंथ या गोष्टीवाचून निघेल, असे प्रकाशकाने बजावले आहे.

कथानक असे. एक निवृत्त मास्तर दर शुक्रवारी बाजारात मासा घेण्यास जातो आणि विक्रेत्यांच्या पाट्यांवरील अशुद्धे सुधारतो. एका विधवा मासळीवालीला तो आवडू लागतो. एके दिवशी मासा बांधून देताना ती त्याला म्हणते, “येत जा.” मास्तर तिला समजावतो, की या वाक्यात केव्हा आणि कशासाठी याचा उल्लेख नाही. ती पुन्हा काही बोलत नाही. मास्तर मात्र पुढे तीस वर्षे तिच्याकडूनच मासा घेतो, आणि तेथील मासा ताजा असतो म्हणून आपण जातो, असे त्याला वाटत राहते. संपले.

रचना नेटकी आहे, परंतु असा मनुष्य असू शकत नाही. समासात ‘असंभाव्य’ असे लिहिले.

प्रसंगाला अगदीच आधार नाही असे नव्हे. फार वर्षांपूर्वी हिंदा मला असेच काहीसे म्हणाली होती, आणि वाक्यातील उणीव मीही तिला दाखवली होती. परंतु ती गोष्ट वेगळी. हिंदा मासळी विकत नसे. शिवाय मी त्यांच्याकडे मंगळवारी आणि गुरुवारी जातो, तो झेलिगची मुद्रिते तपासण्यासाठी. चहा घेतो आणि जेवावयास खाणावळीत परततो.

मंगळवार, २२ डिसेंबर

दुरुस्ती पूर्ण झाली. पानांवर शाईपेक्षा लाल रंग अधिक दिसतो, हे झेलिगचे म्हणणे खरे आहे. त्याची जबाबदारी शाईवर आहे.

मासळीवालीच्या तोंडी “येत जा” शोभत नाही. तेथे मी असे घातले: “हे गुरुवर्य, संध्यासमयी भोजनार्थ माझ्या निवासस्थानी आपले आगमन व्हावे, आणि परमेश्वर आपली पावले सांभाळो.” केव्हा आहे, कशासाठी आहे. परमेश्वराचे नाम मी चारही अक्षरांत, प्राचीन ग्रंथांप्रमाणे, पूर्ण लिहिले. अर्धवट लिहिणे मला जमत नाही.

झेलिगने वाचून पान हिंदाकडे सरकवले. तिने ते दूर धरून वाचले.

“अहो हुर्गिन, ती मासे विकते ना?”

“विकते.”

“मग अशी बोलेल तर संध्याकाळपर्यंत एक तरी मासा खपेल का?”

“बोलायला हवं,” मी म्हणालो. “साहित्य हे बाजारापेक्षा वर असतं.”

“हो ना,” झेलिग म्हणाला. “म्हणून तर तिथं कोणी खरेदीला जात नाही.”

मग मला दुसरी प्रत काढण्याची तसदी पडू नये म्हणून त्याने ही लाल प्रतच छापखान्यात द्यावी, असे सुचवले. मला ते नम्रपणाचे वाटले. चाळीस वर्षांनी का होईना, मनुष्य शिकतो.

रविवार, २७ डिसेंबर

हनुक्का सणाचे दिवे. हिंदाने बटाट्याच्या वड्यांचा डबा पाठवला. झाकणावर ‘गरम आहे’ असे लिहिले होते. काय गरम आहे, ते लिहिले नव्हते. वडे चांगले होते.

गुरुवार, ७ जानेवारी १९६०

पाऊस अजून नाही. अंगणातील टाकीत तळाचा दगड दिसतो. आळीतील रब्बींनी जाहीर केले आहे, की तेवेत महिन्याच्या दशमीला, उपवासाच्या दिवशी, जीर्ण पवित्र कागदांचे दफन करून पावसासाठी प्रार्थना होईल. जुन्या पोथ्या, फाटलेली प्रार्थनापुस्तके, ज्यावर ईश्वराचे नाम आहे असा कोणताही कागद केरात जात नाही. तो माणसासारखा मातीत जातो. प्रार्थना-सभागृहाचा सेवक बेखोर घरोघर फिरून पिशव्या गोळा करणार आहे.

माझे वडिलांच्या वेळचे प्रार्थनापुस्तक शिवणीतून पूर्ण सुटले आहे. ते मी एका पिशवीत घातले, झेलिगची गोष्ट दुसरीत, आणि दोन्ही घेऊन रुदाव्स्कींकडे गेलो, कारण बेखोर प्रथम त्यांच्या इमारतीत येतो आणि प्रकाशकाचा माणूसही तेथेच येणार आहे. दोन्ही पिशव्या हिंदानेच मागे एकदा एका निळ्या पडद्यातून मला शिवून दिल्या होत्या.

“टेबलावरची छापायची,” मी सांगितले, “दाराजवळची पुरायची.”

“टेबलावरची पुरायची,” झेलिग म्हणाला.

“उलट!”

“हां, उलट. दाराजवळची छापायची.”

मी तिसऱ्यांदा सांगितले. त्याने शाळकरी मुलासारखे हात मागे बांधून ते पाठ म्हणून दाखवले. हिंदा म्हणाली, “काही काळजी करू नका. माझं लक्ष आहे.” तिचे लक्ष असते, हे खरे.

रविवार, १० जानेवारी

दफन झाले. आळीतील सगळी माणसे चालत आली होती. गाडीवर पिशव्यांची रास, पुढे मेणबत्त्या, मागे बायका. वयाचा मान म्हणून रब्बींनी मला एक पिशवी स्वहस्ते खड्ड्यात ठेवण्यास सांगितले. बेखोरने शोधून माझीच निळी पिशवी दिली. पुस्तकाच्या मानाने ती हलकी लागली. जीर्ण वस्तूंचे वजन घटत असावे. मी खाली वाकून ती ठेवली आणि स्तोत्र खणखणीत, शुद्ध उच्चारांत म्हटले.

झेलिगला शोक अनावर झाला. तोंडावर रुमाल दाबून तो भिंतीकडे वळला होता आणि त्याचे खांदे हलत होते. इतका धार्मिक मी त्याला कधी पाहिला नव्हता. हिंदाने त्याला कोपराने ढोसले, तेव्हा तो सावरला.

परत येत असताना पश्चिमेकडून वारा सुटला, आणि आम्ही बेकरीपाशी पोचेपर्यंत असा पाऊस कोसळला, की बेखोर रस्त्याच्या मधोमध उभा राहून नाचू लागला.

सोमवार, ११ जानेवारी

प्रकाशकाच्या माणसाला देण्यापूर्वी एकदा नजर टाकावी म्हणून मी टेबलावरील पिशवी उघडली. आत वडिलांचे प्रार्थनापुस्तक होते.

खुर्चीत बसलो. हिंदाने पाणी दिले.

“म्हणजे मी काल…”

“स्तोत्र मात्र फार सुंदर म्हटलंस,” झेलिग म्हणाला. “माझ्या कुठल्याही गोष्टीला असा निरोप मिळाला नव्हता.”

यात थट्टा करण्यासारखे काय होते, मला समजले नाही. सहा दिवस उरले आहेत. गोष्ट मातीत आहे. ती शेवटची आहे, असे झेलिग स्वतः म्हणतो. म्हणजे माझीही शेवटची.

मंगळवार, १२ जानेवारी

बेखोरला सभागृहाच्या पायरीवर गाठले. पाऊस चालूच आहे.

“पिशवी वर काढली पाहिजे,” मी म्हणालो.

“सेन्योर हुर्गिन, टाकीत तळ दिसत होता. तुमची पिशवी खाली गेली आणि आभाळ फुटलं. आता मी ती वर काढू? बायका मला खराट्यानं झोडतील.”

“बेखोर, त्या पिशवीत मासळीवालीची गोष्ट आहे.”

“असेल. वरच्याला आवडली.”

“तू चुकीची पिशवी उचललीस.”

“मी काही उचललं नाही हो. हिंदाबाईंनी हातात दिली. वर म्हणाल्या, ही निळी सांभाळून ने, ही सेन्योरनाच ठेवायला दे.”

म्हणजे दोष हिंदाच्या दृष्टीचा आहे. तिने डोळे तपासून घ्यावेत, असे मी तिला सुचवले. ती त्या वेळी सुईत दोरा ओवत होती. एका खेपेत ओवून म्हणाली, “बघते.”

बुधवार, १३ जानेवारी

रब्बींकडे गेलो. सर्व हकीकत सांगितली. त्यांनी चहा मागवला आणि दाढीत बोटे घातली.

“लौकिक कागद चुकून गेला असेल, तर काढता येईल,” ते म्हणाले. मला हायसे वाटले. “फक्त एक सांगा. त्यात परमेश्वराचं चार अक्षरी नाम आहे का?”

मी चहाकडे पाहिले.

“मूळ लेखकाच्या हस्ताक्षरात नाही.”

“मग कोणाच्या?”

“माझ्या.”

“ती मासळीवाली तेच नाम घेते?”

“मूळ लेखनात ती फक्त ‘येत जा’ म्हणते. मी सुधारणा केली.”

रब्बींना खोकला आला होता आणि तो दाढीआड थांबवण्याचा ते प्रयत्न करीत होते. अखेर म्हणाले, “रेब एल्याकिम, तुम्ही सुधारली नसती, तर आज आपण कुदळ घेऊन गेलो असतो. तुम्हीच ती पवित्र केलीत आणि तुम्हीच आपल्या हातांनी खाली ठेवलीत. इतकं बिनचूक दफन माझ्या हातून तरी झालेलं नाही. आता तिला राहू द्या.”

निर्णय शास्त्रशुद्ध आहे. एकही फट सापडली नाही. त्यामुळेच मी घरी पायी आलो आणि भिजलो.

गुरुवार, १४ जानेवारी

झेलिगपाशी पहिला खर्डा आहे! बटाट्यांच्या टोपलीखाली होता. मी तत्काळ पेन्सिल काढली; तीन दिवसांत सारी दुरुस्ती स्मरणातून पुन्हा करता आली असती.

“उशीर झाला,” तो म्हणाला. “छापखान्याचा माणूस सकाळीच घेऊन गेला.”

“न तपासता?”

“हिंदानं तपासली.”

“तिनं काय तपासलं?”

“सोलणं थांबवलं.”

मी त्याला विचारले, की चाळीस वर्षांच्या लेखनानंतर शेवटची गोष्ट फाटक्या कपड्यांत लोकांपुढे पाठवताना त्याला काहीच कसे वाटत नाही. या वेळी तो नेहमीसारखा हसला नाही.

“एल्याकिम, तुझ्यामुळं माझं नाव झालं. कबूल. माझे न्हावी, माझे गाडीवान, माझ्या विहिणी, सगळे तुझ्या पेन्सिलीतून संदेष्टे होऊन बाहेर पडले. एकीला तरी तिच्या तोंडानं बोलू दे. तिला एकदाच बोलायचंय रे.”

“अपुरं?”

“अपुरं.”

मी कोट घेतला. हिंदा दारापर्यंत आली. पिशवी तेथेच राहिली.

मंगळवार, १९ जानेवारी

गेलो नाही.

गुरुवार, ४ फेब्रुवारी

आजही गेलो नाही. खाणावळीच्या फळ्यावर ‘भाज्याचे सूप’ असे लिहिले आहे. दाखवावयास कोणी नव्हते. मालकाला दाखवले, तर तो म्हणाला, “मास्तर, सूप गरम आहे तोवर प्या.”

हिंदाने निळी पिशवी धुऊन पाठवली. आत वडिलांचे प्रार्थनापुस्तक, शिवण नव्याने घातलेली. टाके इतके बारीक आहेत, की दृष्टिदोषाविषयीचे माझे अनुमान मला मागे घ्यावे लागते. मग पिशवी ओळखण्यात ती कशी चुकली असेल, याचा विचार करीत बराच वेळ बसलो. उत्तर सुचले नाही. एक सुचले होते, पण ते हिंदाच्या स्वभावात बसत नाही.

रविवार, १४ फेब्रुवारी. सकाळ.

काल शब्बाथ, शनिवारचा विश्रामदिन, संपताच झेलिगचा सत्कार त्याच्याच घरी झाला. निमंत्रणावर ‘जन्मतिथीनिमित्त’ असे होते. तारे दिसल्यावर तिथी बदलते, म्हणजे पौर्णिमा उलटून गेली होती, हे मी जमलेल्या मंडळींच्या निदर्शनास आणले. मंडळी अंजीर आणि बदाम खात राहिली.

मी का गेलो? ग्रंथातील अशुद्धे प्रथम कोणी तरी जाणत्याने पाहिली पाहिजेत म्हणून. पेन्सिल खिशात होती.

डॉ. त्सामेरेत भाषण करणार होते, पण झेलिग म्हणाला, “डॉक्टर, तुम्ही माझा जन्म पुन्हा ओडेसात कराल. त्यापेक्षा हिंदा वाचू दे.” हिंदा संत्रे सोलत होती. तिने सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि ‘मासळीबाजारातला मास्तर’ उघडले.

ती साधे वाचते. मास्तर पाट्या सुधारू लागला आणि खोली हसू लागली. प्रत्येक हशाला लोक माझ्याकडे वळून पाहत. माझ्या अभिप्रायाची त्यांना उत्सुकता असावी. बेखोर तर मांडीवर थाप मारून ओरडला, “अरे, हा तर…” आणि झेलिगने त्याच्या तोंडात खजूर कोंबला.

मग ते वाक्य आले. हिंदा थांबली. पाणी प्यायली. “येत जा,” तिने वाचले, पुस्तकात न पाहता.

कोणी हसले नाही. वाक्य अपुरेच होते. तरीही खोलीत कोणालाही त्यात काही कमी वाटले नाही, ही गोष्ट मी प्रामाणिकपणे नोंदवून ठेवतो. पेन्सिल मी खिशातून काढली होती. तिचे काय करावे ते न सुचल्याने ती परत ठेवली.

“काय एल्याकिम,” झेलिग म्हणाला, “अजून असंभाव्य?”

“मास्तर असंभाव्यच आहे,” मी म्हणालो. “मासळीवाली ठीक आहे.”

तो उठून आला आणि सर्वांसमक्ष त्याने माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले. त्याच्या दाढीला अंजीर लागले होते.

निघताना हिंदाने मला छत्री दिली. दाराच्या चौकटीला टेकून ती म्हणाली, “उद्या या. दुपारी. जेवायला.”

केव्हा होते. कशासाठी होते. दुरुस्तीला जागा नव्हती. सवयीने मी ती क्षणभर शोधली.

“मासा आहे का?” मी विचारले.

“नाही,” ती म्हणाली. “बटाटे.”

आज लवकर उठून दाढी केली. निघण्यास अवकाश आहे, तोवर डॉ. त्सामेरेत यांच्यासाठी तारखा दुरुस्त करून ठेवतो:

झेलिग रुदाव्स्की, जन्म: १८९१ नव्हे, १८९०, शेवातची पौर्णिमा, झाब्लुद्का.

याफा येथे आगमन: १९१३ नव्हे, १९१२ चा शरद ऋतू. उशी त्याच दिवशी गेली.

पहिली छापील गोष्ट: १९१९ नव्हे, १९२०. एकोणिसची प्रत मी परत पाठवली होती.

‘मासळीबाजारातला मास्तर’, लाल प्रत: हरवली नाही, जळली नाही, लेखकाने फाडलीही नाही. १० जानेवारी १९६० रोजी यथाविधी पुरली. पाऊस त्याच दुपारी.

सत्तरीचा सत्कार: एक तिथी उशिरा.

“येत जा”: गोष्टीत उन्हाळा आहे. प्रत्यक्षात शुक्रवार, २१ मार्च १९२४, जेरुसलेमचा पूरीम सण. वारा होता. करडी शाल होती.

त्यास उत्तर: आज, दुपारी. ही नोंद डॉक्टरांनी छापू नये.